शालू पांघरलेलं दही

नागलक्ष्मीच्या हाताला सासूचा तळतळाट लागलाय, असं कुंभकोणम् मध्ये पोट्रामरै तळ्यामागच्या गल्लीत पहिल्यांदा कोण बोललं, ते आता कुणीच कबूल करणार नाही. बोललं गेलं ते दारात कोलमची रांगोळी घालताना, एवढं मात्र नक्की. पहाटे साडेपाचला ओणव्या झालेल्या बायकांच्या तोंडून पिठाच्या रेघेबरोबर जे सुटतं, ते सहाला दूधवाल्याच्या सायकलवर चढतं आणि सातच्या आत महामहम तळ्याला वळसा घालून परत दारात येतं. कुजबुज अशी होती : तीन-चार वर्षांपूर्वी सासूनं शेवटच्या घटकेला दहीभात मागितला. सुनेनं दिला नाही. म्हातारी गेली, आणि जाताना सुनेच्या हातातली गोडी पदरात बांधून घेऊन गेली. तेव्हापासून नागलक्ष्मी विरजण लावते, पण उतरते ती चिंच.

पुढे गोष्टीला पाय फुटले. कुणी म्हणालं, दह्याची वाटी पलंगापासून हातभरावर होती. कुणी त्या वाटीचा रंगही सांगितला. गल्लीचं हे असंच असतं. माणूस घरात नसला तरी वाटी कुठली होती ते ठाऊक असतं.

नागलक्ष्मी तेव्हा चौसष्ट वर्षांची होती. घर मराठी, म्हणजे घरात मराठी, आणि उंबऱ्यापलीकडे पाऊल पडलं की तमिळ. पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात दप्तरी होते असं ती सांगायची. इथल्या सगळ्याच मराठी घरांत हे सांगतात. तेवढे दप्तरी खरंच असते तर राजाला बसायला जागा उरली नसती. ती स्वतः कुंभकोणम् च्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसली. कुणाची सोयरीक कुठे अडली, कुणाचा मुलगा मद्रासहून काय कबूल करून बसला, कोणत्या सावकाराला कोणत्या नाटकवालीचा ट्रंककॉल यायचा, सगळं तिच्या कानावरून गेलं आणि कानातच राहिलं. एक अक्षर बाहेर पडलं नाही. आता सांगा, इतकं ऐकून काहीच न सांगणारी बाई गल्लीनं माफ कशी करावी? तिची पाळी आली तेव्हा गल्लीनं व्याजासकट वसूल केलं.

कुजबुज नुसती कुजबुज राहिली असती तर तिनं ती हेडफोनसारखी काढून खुंटीला टांगली असती. पण मध्ये मठ आला.

गल्लीच्या वळणावर मराठी घरांचा लहानसा भजनमठ आहे. मार्गळी, म्हणजे धुक्याचा आणि पहाटेच्या भजनांचा तो थंडीचा महिना लागला की तीस दिवस तिथे उजाडायच्या आधी टाळ वाजतात. शेवटच्या दिवशी, भोगीला, दहीभाताचा नैवेद्य असतो. भात मठात शिजतो; दही मात्र नागलक्ष्मीच्या घरचं. चार पिढ्यांचा हा मान. तिच्या सासूबाई तो मान नाकात चमकी घालावी तसा घालून मिरवायच्या.

भोगीला अकरा दिवस उरले असताना शंकरनारायण आला. हा मठाचा सेक्रेटरी, एरवी झेरॉक्सच्या दुकानात बसतो. त्यामुळे एकच वाक्य दोन-तीनदा काढायची त्याला सवय.

"अक्का, रागवू नका. रागवू नका हं."

"बोल की रे. मी काय तुज खाते?"

"तीन वर्षं झाली. भोगीचा दहीभात लोक द्रोणात तसाच ठेवतात. गेल्या वर्षी कृष्णमूर्तिमामांनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. मज वाटलं, ध्यान लागलं."

"आणि?"

"दात आंबले होते, अक्का."

नागलक्ष्मीनं हसू गिळलं. शंकरनारायण पुढे म्हणाला, "यंदा पाकिटाचं दही आणू म्हणतात सगळे."

"पाकिटाचं? देवास?"

"देव काही बोलत नाहीत, अक्का. लोक बोलतात."

लोक काय बोलतात, ते दोघांनाही ठाऊक होतं. मठात पाकीट फुटलं की कुजबुजीवर मठाचा शिक्का बसणार. मग नागलक्ष्मी मरेपर्यंत आणि मेल्यावरही सासूला उपाशी धाडणारी सून राहणार.

"यंदा एक डाव लावू दे," ती म्हणाली. "आंबट झालं तर पुढच्या वर्षी तुझी पाकिटं मी स्वतः कात्रीनं कापून देईन."

तो विचारात पडला. "बरं. पण भोगीला पहाटे पाचला मी येऊन चाखणार. पंचवीस-तीस माणसं जेवतात. आंबट लागलं तर तिथूनच पाकिटं मागवणार. तिथूनच."

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? दूध बदललं, दारासुरम् च्या एका विणकराकडची गाय धरली. विरजण बदललं, तिरुक्करुगावूरला बहीण असते, तिच्याकडून डब्यात घालून बसनं आणलं, सबंध वाट मांडीवर डबा, शेजारची बाई विचारतेय, देवीचा प्रसाद का? विरजण चमच्याचं अर्धा चमचा केलं. शेजारची गोमती म्हणाली, "मामी, दृष्ट काढा." तीही काढली. आणि एक गोष्ट तशीच ठेवली, कारण ती बदलता येते हेच तिच्या डोक्यात आलं नाही.

ती गोष्ट अशी. दही लागायचं कल्चट्टीत, म्हणजे मऊ काळ्या दगडाच्या पातेल्यात. हा दगड ऊब धरून ठेवतो. एरवी वर्षभर चट्टी उघडी फळीवर, आणि दही लागलं रे लागलं की फ्रिजमध्ये. पण मार्गळीतलं दही देवाचं. ज्या फ्रिजमध्ये कांद्याची कोशिंबीर असते त्यात देवाचं दही जात नाही. आणि सासूबाईंचा नियम होता, "मार्गळी लागली की चट्टीस शालू." त्यांचाच हिरवा रेशमी शालू, दारासुरम् च्या मागावरचा, जीर्ण झाल्यावर फाडून तीन पदरी घडी केलेला. कोमट दुधाला विरजण लावायचं, चट्टीला शालू गुंडाळायचा आणि तांदळाच्या पिंपात गळ्यापर्यंत पुरून ठेवायची. रात्री आठला लावलं की पहाटे पाचला अगदी बेताचं दही. सासूबाईंच्या काळी तसंच व्हायचं. त्यांचे हात थकल्यावर नागलक्ष्मीच्याही हातून वीस वर्षं तसंच झालं. आता मात्र पहाटे हात घातला की चट्टी गरम लागायची, झोपलेल्या लेकराच्या पोटासारखी, आणि झाकण उघडलं की आंबूस वास.

वर गच्चीवर तिचे दीर अनंतकृष्ण राहायचे. एकाहत्तर वर्षांचे, बिनलग्नाचे, कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. लग्न का केलं नाही ह्याच्याही तीन गोष्टी गल्लीत आहेत. त्यातली एक तर फारच रंगतदार आहे, पण तिला आज इथे जागा नाही. गच्चीच्या कोपऱ्यात त्यांनी पांढऱ्या फळ्यांची एक पेटी चार पायांवर उभी केली होती. गल्ली तिला कबुतरांचं खुराडं समजायची. आत कबूतर नव्हतं, थर्मामीटर होता. पस्तीस वर्षं हा माणूस उजाडताना उठून तिथे डोळा लावायचा आणि आकडा वहीत उतरवायचा.

नागलक्ष्मी रोज पहाटे त्यांना डवऱ्यात, म्हणजे रुंद काठाच्या वाटीत, कॉफी नेऊन द्यायची आणि विचारायची, "आज किती, भावजी?" ते आकडा सांगायचे. मग ती खाली यायची. कशी आहेस, बरी आहे, ह्याच्याइतकाच त्या प्रश्नाला अर्थ होता.

शंकरनारायण येऊन गेला त्याच्या दुसऱ्या पहाटे धुकं इतकं दाट होतं की देवळांची गोपुरं नुसतीच टोकं होऊन दुधावर तरंगत होती. कुठेतरी कोंबडा आरवला, तोही पांघरुणातून आरवल्यासारखा. मठातून भजनाचा स्वर येत होता. येत होता म्हणण्यापेक्षा धुक्यात विरघळत होता.

"आज किती?"

"बावीस पूर्णांक चार."

"थंडी आहे की," म्हणत तिनं पदर अंगाभोवती ओढला.

अनंतकृष्ण हसले. "वैनी, तुम्ही पदर मार्गळी आहे म्हणून ओढता. थंडी आहे म्हणून नव्हे."

तिला राग आला. रात्रभर झोप नव्हती, वरून ही थट्टा. "तुमचं काय जातं बोलायला! दही लावून बघा एकदा. थंडी म्हणून शालू गुंडाळते, पिंपात ठेवते, तरी…"

"अजून शालू गुंडाळता?" ते कॉफी खाली ठेवून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते आत गेले आणि दोन वह्या घेऊन आले. एक पहिली, पिवळी पडलेली, एक आजची.

"ही पस्तीस वर्षांपूर्वीची मार्गळी. एकोणीस, वीस, एकवीस, वीस. सबंध महिन्याची सरासरी वीस पूर्णांक चार. आणि ही गेल्या पाच वर्षांची. एकवीस पूर्णांक नऊ."

"दीड अंश. दीड अंशानं काय होतं?"

"माणसास काही होत नाही. माणूस पंख्याचं बटण एक घर पुढे सारतो. दह्यातल्या जिवांस विचारा. तुम्ही त्यांस गरम घरात कोंडून वर रजई घालता. पूर्वी पहाटे पाचला उरकायचे ते आता मध्यरात्रीच उरकतात आणि पुढे पाच तास आंबत बसतात."

"पण शालूनं ऊब येते म्हणून तर…"

"शालूत ऊब असते? मग रिकामी चट्टी गुंडाळून ठेवा बघू. सकाळी तापलेली मिळेल?"

ती पुढे वाकली. ट्रंककॉलवर पलीकडचा माणूस काही महत्त्वाचं बोलायला लागला की ती अशीच वाकायची.

"ऊब दुधाची, वैनी. शालू फक्त तिला जाऊ देत नाही." मग त्यांनी बोट वर, धुक्याकडे केलं. "पृथ्वीसही असाच एक शालू आहे. सूर्याचं ऊन हवेतून सरळ खाली येतं, हवा त्यास फारसं अडवत नाही. जमीन तापते. मग ती ऊब जमीन वर सोडते, डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांनी. ती जाताना मात्र हवा अडवते. सगळी हवा नव्हे. तिच्यातली वाफ, कोळसा आणि पेट्रोल जाळल्याचा वायू, नाचियार्कोविल् च्या भातखाचरांतल्या चिखलातून बुडबुडे येतात ना, तो वायू. हे सगळे वर चाललेली ऊब गिळतात आणि तिच्यातली बरीचशी पुन्हा खाली धाडतात. शालू नुसता अडवतो. हे गिळून परत देतात, एवढा फरक. शास्त्रज्ञांनी त्यास काचेच्या हरितगृहाचं नाव दिलंय. त्यांनी तुमची चट्टी पाहिली नव्हती."

"आणि हा शालू नसता तर?"

"तर कावेरीचा दगड झाला असता. बर्फाचा. आपण कुणीच नसतो, मठ नसता, शंकरनारायण नसता."

"शंकरनारायण नसता तर चाललं असतं," ती म्हणाली. "म्हणजे शालू वाईट नव्हे."

"मुळीच नव्हे. पुरेसा होता. पण माणसांनी गेली दीड-दोनशे वर्षं त्यावर आणखी पदर चढवले. धुराड्यांतून, गाड्यांतून. ऊन पूर्वीइतकंच येतं. जाते ती ऊब तेवढी कमी झाली. आणि शालूचं काम रात्री जास्त कळतं, चट्टीचंही रात्रीच कळतं ना?" मग प्रयोगशाळेतल्या माणसाला शोभेल असं पुढे म्हणाले, "माझ्या आकड्यातलं सगळंच त्याचं नव्हे हं. गल्ली सिमेंटची झाली, भिंतीही ऊब धरतात. एका गच्चीवरच्या थर्मामीटरनं जगाचा निकाल देता येत नाही. पण जगभर हजारो पेट्या आहेत अशा, आणि त्या सगळ्या एकाच बाजूस बोट दाखवतात."

नागलक्ष्मीनं वही मिटली. "हे मज तीन वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं, भावजी."

"तुम्ही रोज विचारलंत, आज किती. मी रोज सांगितलं किती."

एकतीस वर्षं सगळं गाव ऐकलेल्या बाईनं डोक्यावरच्या गच्चीवरून रोज सांगितलेलं ऐकलं नव्हतं. ती रिकामा डवरा घेऊन खाली आली.

कळलं म्हणून काम झालं असं नाही. शालू काढायचा कसा? तो चट्टीचा नव्हता, सासूबाईंचा होता. ज्या बाईनं सासूचा घास अडवला अशी कुजबुज, तिनं आता सासूचा शालूही उतरवायचा? आणि काढला, नि दही लागलंच नाही, तर पाचला शंकरनारायण आणि त्याच्यामागे पाकिटं. एकच चट्टी, एकच रात्र, आणि आधी एकदा शालूशिवाय लावून बघायचाही धीर होईना. असे नऊ दिवस तिनं काढले.

भोगीच्या आदल्या दुपारी ती ऊंजलवर, म्हणजे माजघरातल्या झोपाळ्यावर, कुशीवर झाली. साखळी किरकिरत होती, मग तीही निजली.

तिला दिसलं की ती एक्स्चेंजमध्ये बसली आहे. बोर्ड मात्र भिंतीएवढा नव्हता, आभाळाएवढा होता, आणि त्याच्यावर दिवे लुकलुकत होते. एकेक दिवा म्हणजे खालची एकेक गच्ची, एकेक खाचर, एकेक तळं. दिवसभर तापलेलं सगळं काही तिच्याकडे लाइन मागत होतं. अरसलार नदीची वाळू म्हणत होती, अम्मा, वरची लाइन द्या. दारासुरम् च्या देवळाचा दगड म्हणत होता, आम्हांस चांदण्यांशी बोलायचंय, फार दिवस झाले. ती दोऱ्या लावत होती, एकामागून एक, आणि पहिल्यांदा सगळे कॉल भराभर वर जात होते, इतके की बोर्ड थंडगार पडायला लागला, तिच्या बोटांवर दहिवर धरलं. मग मध्ये कुणीतरी मऊ मऊ काही पसरलं. हिरवं होतं ते. आता अर्धे कॉल वाटेतूनच परत यायला लागले. वाळूचा आवाज वाळूलाच, दगडाचा दगडाला. दिवे विझेनात. बोर्ड गरम होत गेला. तिनं घाम पुसला आणि शेवटची दोरी लावली, तर पलीकडून सासूबाईंचा ओळखीचा, जरासा खाकरलेला आवाज आला.

"नागू, उकडतंय गे. काढ की तो."

"अत्तै, तुम्हांस राग नाही?"

"राग कसला? मी थंडीसाठी पांघरला होता. थंडी आहे का?"

मग लाइन तुटली, जशी तुटायची तशीच, खट् करून. जाग आली तेव्हा साखळीची किरकिर पुन्हा सुरू झाली होती आणि दारातून गोमती विचारत होती, "मामी, कुणाशी बोलत होता?"

"ट्रंककॉल होता," नागलक्ष्मी म्हणाली. गोमतीला पुढच्या आठ दिवसांचं काम मिळालं.

त्या संध्याकाळी तिनं दूध कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं, अर्धा चमचा विरजण घातलं. चट्टीवर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला आणि ती उघडीच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. शालूची घडी तिनं उशाशी घेतली.

पहाटे गल्लीच्या तोंडाला भोगी, म्हणजे घरातलं जुनं जाळायची शेकोटी, पेटली होती. जुन्या चटया, मोडकी सुपं, फाटकी गोणपाटं. धूर धुक्यात शिरत होता आणि कुठलं कुठलं ते कळत नव्हतं. पाचला शंकरनारायण आला, हातात स्वतःचा चमचा घेऊन. मागे गोमती आलीच, दारात तिला तसं काहीच काम नव्हतं.

नागलक्ष्मीनं चट्टीला तळवा लावला. गार होती. तिनं पान उचललं. आत पांढरं, स्थिर, कड न सुटलेलं. चट्टी कलती केली तरी न हललेलं. शंकरनारायणनं चमचा घातला, तसा एक स्वच्छ तुकडा निघाला. तो त्यानं तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

बाहेर भोगीत काहीतरी फटकन् फुटलं.

"बोल रे," नागलक्ष्मी म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"गोड आहे, अक्का. गोड आहे."

"मग डोळे कशास मिटलेस?"

"ध्यान लागलं."

चट्टी मठात गेली. कृष्णमूर्तिमामांनी द्रोण तीनदा पुढे केला. तिसऱ्यांदा कुणाकडे बघत नसल्यासारखं करून. परतताना गोमती म्हणाली, "मामी, तो जुना शालू टाका की भोगीत. आता काय करायचा?"

"नक्को," नागलक्ष्मी म्हणाली. "वर आधीच काय थोडं पांघरूण आहे?" गोमतीला ते कळलं नाही, म्हणून तिनं ते अधिकच लक्षात ठेवलं.

मग ती कॉफी घेऊन गच्चीवर गेली. "आज किती, भावजी?" ह्या वेळी ती तिथेच थांबली.

"बावीस पूर्णांक एक. दही?"

"लागलं. पुढे आणखी गरम झालं तर तासभर उशिरा लावीन. माझा शालू मी काढला. वरचा कोण काढणार, ते सांगा."

अनंतकृष्णांनी आकडा वहीत लिहिला आणि ते खालच्या गल्लीतून वर येणाऱ्या धुराकडे पाहत कॉफी प्यायले. गल्लीत तोवर नवी कुजबुज निघाली होती, की दिरानं खुराड्यात एक यक्षिणी कोंडली आहे आणि तीच रात्री येऊन दही लावते.

जुन्या कुजबुजीतलं खरं एवढंच आहे. सासूबाईंनी शेवटच्या दिवशी दुपारी दोन घास दहीभात खाल्ला होता, नागलक्ष्मीच्याच हातचा. मार्गळीतल्या पहाटा पस्तीस वर्षांत दीड अंशानं गरम झाल्या होत्या, आणि ती चट्टीला तोच तीन पदरी शालू गुंडाळत होती. म्हणून दही आंबट होत होतं.